सोबत : पाय एक

४ फेब्रुवारी

चि. टुणटुण हिला मामाचे आशीर्वाद.

या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं रडगाणं वाटणार नाही. गुडघ्याखालचे पाय. गुडघ्यावरचे पाय, बिजागरीसकट. बिजागरीही माझीच, बाजारातून आणलेली नाही. कमरेचे पट्टे. कुबड्या, ज्यांची काखेतली गादी घामाने कुजत नाही. एका सुताराला पकड असलेला हात, त्यात तो अजून खिळा धरतो. आपल्या पोस्टमनचा डावा पाय, ज्याच्यावर चालत तो हे पत्र घेऊन जाईल. वर्कशॉपचं छप्पर, भट्टी, दारावरची पाटी. आणि या सगळ्याच्या आधी, मी नुसत्या सायकली दुरुस्त करत होतो तेव्हा, तुझ्या आखूड उजव्या पायाचा बूट. इस्पितळातला बूट तुला चावायचा, म्हणून तू तो हातात धरून एका पायावर टुणटुण उड्या मारत माझ्या दुकानात आलीस. तिथून हे सगळं सुरू झालं.

परवा तपासनीस येऊन गेला. माणूस सभ्य होता. चहा घेतला, मग नोटीस दिली. केंद्राचा नवा कायदा असा की, माणसाच्या अंगाला जोडायचं साधन पदवीवाल्यानेच बनवायचं. मला पदवी नाही. दुरुस्ती चालेल, नवीन काम बंद. लेथ यंत्रावर मी चादर घातली आहे. तुझी मामी म्हणते, बघवत नाही, काढा ती, आजारी माणूस झोपल्यासारखं वाटतं.

आता नीट वाच. आपल्या विधानसभेने माझ्यासारख्यांसाठी एक विधेयक मंजूर केलं आहे. ज्याने पंधरा वर्षं हे काम केलं, त्याला या राज्यात पदवीशिवाय नोंदणी मिळेल. पण ते केंद्राच्या कायद्याला आडवं जातं, म्हणून राज्यपालांनी सही केली नाही. राष्ट्रपतींच्या विचारासाठी राखून ठेवलं, असं पेपरात आहे. राखून ठेवलं म्हणजे काय? बसमध्ये पिशवी टाकून जागा राखतात तसं? तू राजधानीत, गृह मंत्रालयात बसतेस. कुणाच्या टेबलावर पडलंय ते बघ आणि त्याला म्हणावं, हलव. एवढंच.

तुझे बूट नवा तळ घालायला पाठव. वर्ष होऊन गेलं. दुरुस्तीला बंदी नाही.

मामा


१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आधी भांडण. पाकिटावर 'टुणटुण, कक्ष अधिकारी' असं लिहू नकोस. शिपाई त्याच नावाने हाका मारत अख्ख्या मजल्यावर फिरला. आता जिन्यात लोक माझ्याकडे बघून उगाच खोकतात.

राखून ठेवणं म्हणजे काय ते सांगते. देशाचा कायदा एक म्हणतो आणि राज्याचा दुसरं, तर राज्याचा पडतो. पण राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींनी अनुमती दिली, तर त्या राज्यापुरतं राज्याचंच चालतं. सगळ्या देशाला एका मापाचे बूट दिले आणि एखाद्या राज्याचा पाय वेगळा निघाला, तर काय करायचं, तशी ही सोय. तुला बुटांतलं मी काय सांगणार!

राष्ट्रपती एकटे बसून ठरवत नाहीत. ज्या ज्या खात्याचा संबंध, त्याचं मत मागवतात. राज्याला शंका विचारतात, राज्य उत्तर देतं. मग मंत्रिमंडळाचा सल्ला जातो. पुढे तीन वाटा: अनुमती, नकार, किंवा संदेश जोडून विधानसभेकडे परत. किती दिवसांत, ते कुठे लिहिलेलं नाही.

कुणाच्या टेबलावर आहे हे मात्र मला विचारू नकोस. रागावू नकोस, पण खरंच विचारू नकोस.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, एक खिडकी आणि तीही जिन्याकडे उघडणारी. लिफ्ट बंद. कपाटांवर फायली इतक्या चढल्यात की पंखा लावला की वरचे कागद हात हलवतात.

बूट ठणठणीत आहेत. इतक्यात तळ नको.

तुझी
(पाकिटावर नको, इथे चालेल) टुणटुण


३ मार्च

चि. टुणटुण,

मुदत नाही! मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं की पाय मिळेल, कधी ते लिहिलेलं नाही, तर त्याने तोच पाय माझ्या डोक्यात घातला असता.

आणि विचारू नकोस म्हणजे काय? मामा परका झाला का? मी काही चोरून कागद मागितला नाही. मोठ्या जागी गेल्यावर माणसं जपून बोलतात ते ऐकून होतो, आता वाचलं.

असो. पोस्टमनच्या पायाची खोबण तडकली आहे. खोबण म्हणजे उरलेला पाय जिथे बसतो ती वाटी. नवी करायला हवी, पण ते नवीन काम. म्हणून मी पत्र्याची पट्टी मारून देतो, ती आठवड्यात सैल होऊन खडखडते, तो पुन्हा येतो. परवा स्टुलावर बसून पाय माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मास्तर, ही पट्टी कुठवर?"

म्हटलं, "राष्ट्रपतींना विचार."

"पत्ता द्या की. पोस्टमन कशाला झालोय?"

तो हसण्यावारी बोलला, पण मला पटलं. मत मागवतात ना सगळ्यांचं? मग ज्या वस्तूबद्दल मत द्यायचं ती वस्तू कुणी बघितली आहे का? कपाटात एक तयार पाय होता, ज्याच्यासाठी केला तो माणूस गाव सोडून गेला. घोट्याला रबराची गादी, बोटांपाशी वाक, आत माझी खूण. तो कापसात गुंडाळून खोक्यात घातला आणि राष्ट्रपतींच्या नावाने रजिस्टर पोस्टाने रवाना केला. सोबत चार ओळी: साहेब, काम बघावं, दाबून बघावं, मग सही करावी.

पोस्टमनने स्वतः शिक्का मारला. म्हणाला, "माझ्या आधी हा पोचला वर!"

मामा


२८ मार्च

प्रिय मामा,

तुझा पाय आला.

राष्ट्रपती भवनात तो आधी सुरक्षावाल्यांनी तपासला. मग विधेयकाशी संबंधित म्हणून आमच्याकडे धाडला, आणि सोबतच्या पत्रावर रीतसर टाइप केलेलं: 'सोबत : पाय एक'. शिपायाने तो फायलींच्या मधोमध उभा केला. सगळे बघायला जमले. कुणी बोटं वाकवून बघतंय, कुणी घोटा दाबतंय. मी लांबूनच ओळखला. आतली तुझी खूण बघायचीही गरज नव्हती.

आमच्या साहेबांनी चष्मा पुसला. "हा कोणाचा पाय?"

मी म्हटलं, "माझ्या मामाचा."

"अरेरे. त्यांना पाय नाहीत?"

"आहेत, साहेब. दोन्ही आहेत. हा त्यांनी केलेला."

मग सगळं सांगावं लागलं. मामा, विधेयक पहिल्या दिवसापासून माझ्याच टेबलावर होतं. म्हणून तुला विचारू नकोस म्हटलं. टिपण मीच लिहायचं होतं आणि मी रोज फाईल उघडून बंद करत होते. तुझ्या बाजूने लिहिलं तर ते मामासाठी, विरुद्ध लिहिलं तर ते मामासाठी नाही हे दाखवायला. सरळ असं काही सुचेचना. पाय आला आणि सुटले. साहेबांना लिहून दिलं की यात माझं माणूस आहे, माझ्याकडून हे काढा. ते म्हणाले, "हे आधीच सांगायचंत." मग हळूच, "पाय मात्र चांगला केलाय हो." फाईल आता शेजारच्या टेबलावर गेली. तिथे काय चाललंय ते मी बघत नाही आणि तुला कळवणारही नाही.

तू सारखं म्हणतोस म्हणून बूट पाठवते आहे. तळ तुला योग्य वाटला तरच बदल.

टुणटुण


१४ एप्रिल

चि. टुणटुण,

तू फाईल सोडलीस ते योग्य केलंस. परका झालो का, असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो.

बूट मिळाले. तळ बदलण्याची गरज नाही. मी गेल्या वर्षी ठोकलेल्या खिळ्यांची डोकी अजून चकचकीत आहेत. तिसरा मजला, लिफ्ट बंद, हे तूच लिहिलंस. तशा जिन्यावर टाच लवकर झिजते. हे बूट तो जिना चढलेले नाहीत. आत बोटांच्या जागी धूळ होती, कपाटात बसते तशी.

मग तू चढतेस कशात?

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. पॉलिश करून परत पाठवतो आहे. कातडं कोरडं पडू देऊ नकोस, तेलाचा हात फिरव. बूट नुसता ठेवला तरी मरतो.

मामा


२५ एप्रिल

प्रिय मामा,

दुसऱ्या बुटांत चढते. गेल्या वर्षी तू तळ घातलास, त्यानंतर लगेच.

पाठ दुखायची. खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागायचं. आईला सांगितलं नाही, कारण ती तुला सांगणार. तुला सांगितलं नाही, कारण तू रातोरात गाडीत बसून माप घ्यायला आला असतास. इथल्या सरकारी कृत्रिम अवयव केंद्रात गेले. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या आहेत, पदवीवाल्या. त्यांनी तुझा बूट हातात घेऊन इतका वेळ बघितला की मला वाटलं, नावं ठेवणार. म्हणाल्या, "ही शिलाई आमच्याकडे कुणाला येत नाही." मग कमरेचा फोटो काढला. एक्स-रे. उजवा पाय आखूड तो आहेच, पण इतक्या वर्षांत कंबरही त्या बाजूला थोडी कललीये आणि पाठीचा कणा तिच्याशी जुळवून बसलाय. तू पायातली सगळी तूट बुटात भरतोस. बाई म्हणाल्या, लहानपणी ते बरोबर होतं, आता तेवढी उंची जास्त होते. त्यांनी टाच दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी केली. महिन्याभरात पाठ दुखायची थांबली.

तो बूट दिसायला बेढब आहे, मामा. काळा ठोकळा. तुझ्यासारखा नाही. पण दुखत नाही.

हे तुला सांगायचं, आणि तेही तुझी लेथ चादरीखाली असताना, मला जमलं नाही. धूळ पुसून पाठवायला हवे होते. तुला काय दिसेल हे मी विसरले कशी?

टुणटुण


२ जुलै

चि. टुणटुण,

मधे लिहिलं नाही. हात कामात होते असं खोटं लिहीत नाही. हात रिकामे होते.

काल पेपरात आलं, राष्ट्रपतींनी विधेयक परत पाठवलं. पोस्टमनने पेपर माझ्यापुढे धरला आणि स्टुलावर बसला. मी त्याची पट्टी आवळली. तो म्हणाला, "जाऊ द्या मास्तर. मी सायकल घेतो. उतरायचंच नाही, वरूनच पत्रं फेकायची."

म्हटलं, "आणि म्हातारीची मनीऑर्डर? ती पण फेकणार?"

तो हसला, मला हसू आलं नाही. दारावरची पाटी उतरवली. खाली भिंतीचा रंग वेगळा निघाला.

सोबत काही संदेश जोडलाय म्हणे: अनुभव पुरेसा नाही, परीक्षा घ्या. मी परीक्षा देऊ? या वयात, बाकावर बसून, ज्यांच्या मिशाही फुटल्या नाहीत त्यांच्या शेजारी?

आता तुझ्या कमरेचं. तुझ्या पत्रानंतर आठ दिवस मी कपाट उघडलं नाही. मग तुझे जुने साचे काढले, दहाव्या वर्षापासूनचे सगळे ठेवलेत. ओळीने मांडले. पाय वाढला तशी मी टाच वाढवत गेलो. पाय मोजला, बूट मोजला, मधला माणूस मोजला नाही. एक्स-रे माझ्याकडे नाही, पण डोळे होते. दोन सूत जास्त होते. मला पटलं. त्या बाईंना तसं सांग.

मामा


११ जुलै

प्रिय मामा,

पाटी परत लाव. आधी ते कर, मग पुढे वाच.

परत पाठवणं म्हणजे नकार नव्हे! आता संदेश छापून जाहीर झालाय, म्हणून मोकळेपणाने लिहिते. आरोग्य खात्याचं म्हणणं होतं की पंधरा वर्षं चुकीचं करणाराही पंधरा वर्षांचा अनुभवीच. त्यावर राष्ट्रपतींचा संदेश: विधानसभेने फेरविचार करावा, नोंदणीआधी एक परीक्षा ठेवावी, तोंडी आणि हातची. विधानसभेने तसा बदल केला, की विधेयक पुन्हा इथे येईल. मग अनुमती मिळेलच असं मी म्हणत नाही. पण दार बंद केलेलं नाही.

तू पाय तयार करतोस तेव्हा पहिल्याच दिवशी पॉलिश मारून देतोस का? कच्चा जोडून चालवून बघतोस. इथे टोचतंय, तिथे सैल आहे, आण परत. गिऱ्हाईक रडतं का, पाय नाकारला म्हणून?

तुझा निरोप बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "माझे सर असं कधी म्हणाले नाहीत." एक्स-रे कसा वाचायचा, त्याचं जुनं पुस्तक त्यांनी तुझ्यासाठी दिलंय, वेगळं पाठवते. परीक्षेला बस, मामा. त्या मिशा न फुटलेल्यांना शेजारी कुणीतरी चांगलं बसलेलं असू दे.

टुणटुण


९ डिसेंबर

प्रिय मामा,

आज राजपत्रात छापून आलं, म्हणून आज लिहिते. काल लिहिलं नसतं.

सुधारलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींनी अनुमती दिली.

केंद्राचा कायदा देशभर आहे तसाच आहे. पण आपल्या राज्यात, परीक्षा पास झालेल्या माणसाला, हा कायदा. आमच्या साहेबांनी राजपत्राचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "आता फाईल बंद. यातलं एक जोडपत्र मूळ मालकाला परत करायचंय, तेवढं तुम्ही बघाल का?" खोकं मीच बांधलं. बांधण्यापूर्वी खोलीतल्या सगळ्यांनी एकदा घोटा दाबून घेतला.

सोबत : पाय एक.

टुणटुण


१८ मे

चि. टुणटुण,

काल निकाल लागला. पास झालो. माझ्याबरोबर सतरंजीएवढ्या दाढीचा एक म्हातारा होता आणि बाकी सगळी पोरं. हातच्या परीक्षेत काही बोलायला नको. तोंडी परीक्षेत तिथल्या परीक्षक बाईंनी एक्स-रे उजेडावर धरला आणि विचारलं, या रुग्णाची टाच किती भराल? कंबर कललेली, कणा जुळवून बसलेला. फोटो कुणाचा ते माहीत नाही, मला तूच दिसलीस, बूट हातात धरून. म्हटलं, पाय म्हणतो त्यापेक्षा कमी, आणि आधी तिला विचारीन, कुठे दुखतं. बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

लेथवरची चादर मामीने स्वतः काढली, धुऊन पलंगावर घातली. पहिलं काम पोस्टमनची खोबण. घालून तो दारापर्यंत गेला, परत आला, म्हणाला, "आवाज येत नाही हो. लोकांना कळणार कसं, पत्र आलं ते?"

दुसरं काम या पार्सलात आहे. दोन सूत कमी. पण घालून आधी तुझ्या केंद्रातल्या बाईंकडे जा, त्यांच्यासमोर चाल. त्या म्हणाल्या आणखी उतरवा तर पाठव, उतरवीन. म्हणाल्या बरोबर आहे, तर तो काळा ठोकळा फेकू नकोस. ज्याने पाठदुखी थांबवली त्याला कपाटात जागा दे. तेलाचा हात फिरव.

राहिलं एक, ते गेल्या वर्षी तुझ्यापासून लपवलं. बूट लपवलेस ते मी पकडलं, तेव्हा हे माझ्या खिशात होतं. नोटीस आली त्याच आठवड्यात तुमच्या राजधानीतल्या एका मोठ्या खासगी दवाखान्याचा माणूस माझ्याकडे आला होता. मागच्या खोलीत बसून पाय मी करायचे, सही त्यांच्या पदवीवाल्याची, खूण घालायची नाही, पाटी नाही. मी नाही म्हटलं. विधेयक परत आलं तेव्हा तो पुन्हा आला, पुन्हा नाही म्हटलं. तुझ्या आईला मी आकडा निम्माच सांगितला आहे, नाहीतर ती अजून बोलली असती. राहायला दोन खोल्या देणार होते, तुझ्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. डळमळलो तो त्या गल्लीपायी, संध्याकाळी तू जिना उतरून येताना दिसली असतीस म्हणून. आकड्यापायी नाही. आकडा होता महिना नव्वद हजार.

मामा